झिराडकरांचा ब्रेक

गाडी काटेरी झुडपांच्या कुंपणात शिरून थांबली तेव्हा मनाशे झिराडकरचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवरच होता. पेडल तळाला टेकलं होतं. त्याने मान वाकवून ते मुद्दाम पाहून घेतलं, कारण पुढे कोण काय म्हणणार हे त्याला तिथेच, उतारावरच कळून चुकलं होतं.

शेजारच्या सीटवर रेबेका, त्याची बायको. तिचा चष्मा वाकडा झाला होता. बाकी खरचटलंही नव्हतं.

"पाहिलंस ना? पाय ब्रेकवर होता. पाहिलंस ना तू?"

"मी डोळे मिटून शेमाची प्रार्थना म्हणत होते," रेबेका म्हणाली. "देवाचं नाव घेऊ की तुमचे पाय बघू?"

एकच साक्षीदार, आणि त्याचेही डोळे मिटलेले.

लंडनबाहेर चिल्टर्नच्या टेकड्यांत टॉमचा जमिनीचा तुकडा आहे. टॉम म्हणजे बसच्या डेपोतला मनाशेचा जुना सोबती. रस्ता कसला, चुनखडीची चाकोरीच. पाऊस पडला की साबणासारखी. साधी गाडी तिथे चढत नाही. म्हणून कुंपणाचे खांब वर न्यायचे, ओंडके खाली आणायचे, हे काम गेली कित्येक वर्षं मनाशेची जुनी फोर-बाय-फोर करत आली होती. त्या दिवशी ओंडके भरून तो खाली निघाला. अर्ध्या वाटेवर पेडल जरा जड वाटलं. मग एकाएकी हलकं झालं, आणि मग काहीच उरलं नाही. त्याने दोनदा, चारदा पंप केला. गियर पहिल्यात ढकलला, हँडब्रेक ओढला. त्या गाडीचा हँडब्रेक चाकांना नाही, मागे जाणाऱ्या शाफ्टला पकडतो. शाफ्ट किंचाळला. वेग मोडला, तशी त्याने गाडी कुंपणात घातली.

त्याच्या थोडं आधी रेबेका म्हणाली होती, "कसला तरी जळका वास येतोय हो."

"टॉमने पाचोळा पेटवला असेल," मनाशे म्हणाला होता.

हे बोलणं त्याने नंतर कुणाला सांगितलं नाही.

*

गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकने ती हॅरोमधल्या, घराजवळच्या एका गॅरेजात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला माणूस आत बसला, पेडल दाबलं, अंगणात पुढे-मागे केली. म्हणाला, पेडल दगडासारखं घट्ट आहे, गाडीला काही झालेलं नाही. हे तो मनाशेला म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. तो म्हणाला नतालीला.

नताली म्हणजे मनाशेची मुलगी. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्यांचे पाय हा तिचा रोजचा धंदा.

"पप्पा, आय ॲम नॉट ब्लेमिंग यू. पण तुमची पाय क्लचवर गेला असेल. इट हॅपन्स. माझा पेशंट्सना पण होतं."

"पाय तो असतो, ती नाही. आणि तो ब्रेकवर होता."

"मग ब्रेक आज कसा चालतो?"

"थंड आहे म्हणून चालतो. गरम झालं की आतलं उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. थंड झालं की पुन्हा घट्ट. चोर पळून गेल्यावर घर शांतच असतं."

"ओके. सो का उकळलं?"

नतालीने चावी आपल्या बॅगेत टाकली. शुक्रवारी ती जेवायला येणार होती आणि सोमवारी एक माणूस गाडी भंगारात न्यायला. तिने तसं ठरवूनही टाकलं होतं.

गाडी जाईल याचं दुःख मनाशेला होतं, पण ते पोटात घालता आलं असतं. पोटात घालता येईना ती दुसरी गोष्ट. सोमवारी गाडी गेली की पुरावा गेला. मग तो उरलेलं आयुष्य चुकीच्या पेडलवर पाय ठेवणारा म्हातारा म्हणून काढणार. नातेवाइकांच्या लग्नात लोक त्याला प्रेमाने हाताला धरून पायऱ्या चढवणार.

आणि हा माणूस कोण होता? भायखळ्याच्या वर्कशॉपात हात काळे करून शिकला, उमेदीत लंडनला आला, आणि निवृत्त होईपर्यंत बसच्या डेपोत ब्रेक फिटर. ब्रेकची हवा काढायची तर चारही चाकं, सगळ्यात लांबच्या चाकापासून. तीन चाकं करून चहाला जाणाऱ्या माणसाशी तो दुपारपर्यंत बोलत नसे. नट हाताने बसवायचा, मग पान्याने आवळायचा. पहिल्यापासून पाना लावणारा त्याच्या मते आळशी, आणि आळशी माणूस खुन्यापेक्षा थोडाच बरा. बसखाली शिरलं की पाठ भिजायची, कोपर सोलायचे, आणि वरून कोणी "झालं का" म्हणून विचारलं तर तो उत्तर देत नसे. झालं की तो बाहेर येई. तेच उत्तर.

डेपोत त्याचा एक नियम होता. ब्रेक गेला की आधी पार्ट उघडायचा नाही. आधी विचारायचं, शेवटचा हात कुणाचा? पार्ट खोटं बोलत नाही, पण काही बोलतही नाही. माणूस मात्र डोळे वळवतो.

*

तर शेवटचा हात कुणाचा?

सप्टेंबरात गाडीची वार्षिक तपासणी झाली. याच गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर झिरपतोय, बदला, मी करून देतो. मनाशे म्हणाला, माझा मी करीन. गॅरेजवाल्याचं तोंड पडलं होतं. ते पडलेलं तोंड मनाशेला आता लख्ख आठवू लागलं. हातचं काम गेलं म्हणून याने काही केलं असेल? पण सिलिंडर मनाशेने नंतर स्वतः बसवला होता. नवं रबर, नवं ब्रेक ऑइल, चारही चाकांची हवा. त्याच्यानंतर अपघात होईपर्यंत गाडी गॅरेजवाल्याकडे गेलीच नव्हती. त्याला सोडून द्यावं लागलं. मनाशेला ते जड गेलं.

मंगळवारी सकाळी हॅरोत पहिलं दव गोठलं. गाडी गॅरेजवाल्याने दारात आणून सोडली होती. बॉनेट उघडायला चावी लागत नाही. मनाशे स्वेटरवर स्वेटर घालून बाहेर आला आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. डबी प्लॅस्टिकची, जुनी, पिवळी पडलेली. बाहेरून नुसती पातळी दिसते, आतलं काही नाही.

झाकणाच्या आत रबराची एक चकती असते. ती सपाट असायला हवी. ती फुगून लाटालाटांची झाली होती, पापडासारखी. मनाशे तिच्याकडे नुसता बघत राहिला. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. त्यात तेलाचा थेंब नसतो, ते पाण्यात विरघळतं. खरं तेल गेलं तरच रबर असं फुगतं. झाकणातलं फुगलं म्हणजे आतलीही सगळी फुगली. फुगलेलं रबर मागे सरकत नाही, ब्रेक सुटत नाही, चाक घासत राहतं, तापतं, उकळतं. उतारावर काय झालं ते त्याच्यासमोर उघडं पडलं.

त्याने आत डोकावलं. वर पांढरा थर होता. थिजलेल्या तुपासारखा.

स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला, पाणी भरलं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने थराचा कण काढून आत टाकला. कण बुडला नाही. दुसरा कण बोटांत धरला. बोटाच्या उबेने तो पातळ झाला, चिकट नाही, नुसता स्निग्ध. अंगाच्या उबेला वितळतं असं तेल एकच. खोबरेल.

हे ओळखायला झिराडकरांना कुणी शिकवायला नको होतं. अलिबागेकडच्या झिराडचे ते शनिवार तेली, कोकणातले ज्यू. शनिवारी ज्यांचा घाणा बंद असे ते. आजा घाण्यावर बसून नुसत्या वासावर सांगे, नारळ कुठल्या वाडीचा. मनाशेने सवयीने बोट नाकाशी नेलं. मग लगेच खाली घेतलं आणि चिंधीला पुसलं.

ब्रेकमध्ये खोबरेल. कोणी घातलं?

आणि त्याला दसरा आठवला.

*

समोरच्या घरात सुश्रुत आणि कस्तुरी राहतात. दोघं पुण्याची, सुश्रुत मेडनहेडला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. दसऱ्याला सुश्रुत ताट घेऊन दारात आला होता. "काकू, आमच्या गाडीला इंजिनच नाही, बॅटरी आहे. काकांच्या गाडीची पूजा करू का? खरं लोखंड आहे ते."

मनाशे तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. रेबेकाने हो म्हटलं. तो परत आला तर वायपरला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, दगडी फरशीवर करवंटीचे तुकडे, आणि बॉनेटखाली, होय, बॉनेटखालीसुद्धा कुंकवाची बोटं. मनाशेला मूर्तिपूजा चालत नाही. पण भायखळ्याच्या वर्कशॉपात दसऱ्याला लेथला हार घालत आणि पेढे सगळ्यांना मिळत. तेव्हा त्याने कधी तक्रार केली नव्हती. या वेळीही पेढा खाल्ला. चव काही लागली नाही.

सिलिंडर त्याने दसऱ्याच्या आधी बसवला होता. दसऱ्यानंतर टॉमकडे जाईपर्यंत बॉनेट कुणी उघडलं नव्हतं. शेवटचा हात सुश्रुतचा.

त्याने वाट पाहिली. संध्याकाळी सुश्रुतची गाडी लागली तसा तो पेला हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला.

"या ना काका. काकू बऱ्या आहेत ना?"

"दसऱ्याला तू इंजिनाला काय काय लावलंस?"

"कुंकू. हळद. अक्षता वाहिल्या. का हो?"

"आणि तेल?"

"तेल? नाही. निरांजन होतं ताटात."

"झाकण उघडलंस कुठलं?"

"छे, मला त्यातलं काय कळतंय? कुंकू लावलं असेल एखाद्या झाकणाला." सुश्रुतने डोळे वळवले. मनाशेने ते टिपलं. "म्हणजे... नारळ फोडताना पाणी उडालं होतं थोडं."

"पाण्याचा असा थर येत नाही." मनाशेने पेला त्याच्या नाकासमोर धरला. "हे खोबरेल आहे. ब्रेकच्या डबीत होतं. तुला इंजिनाला न्हाऊमाखू घालायचं होतं तर मला विचारायचं होतंस. तुझ्या पूजेपायी माझी बायको कुंपणात गेली."

सुश्रुतचा चेहरा पांढरा पडला. "काका, मी मुद्दाम... मला खरंच आठवत नाही. माझ्या हातून काही सांडलं असेल का?"

"ते तू सांग."

घरी येऊन मनाशेने रेबेकाला सगळं सांगितलं. आवाजात समाधान होतं. रेबेका भाजी चिरत होती. तिने सुरी थांबवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा चिरू लागली.

हेही मनाशेने टिपलं. हिला काय माहीत आहे?

*

गुरुवारी दुपारी कस्तुरी आली. सुश्रुत एकटा नसता आला. ती एकटीच आली. हातात निळी बाटली. बसली नाही.

"काका, तुम्ही माझ्या नवऱ्याला काय बोललात? तो दोन दिवस जेवत नाहीये धड."

"मी फक्त विचारलं."

"तुम्ही पेला नाकाला लावलात! ऐका. आमच्याकडे देवाला तूप नाहीतर तिळाचं तेल. खोबरेलाचा दिवा माझ्या सासूने जन्मात लावला नाही. आमच्या घरात खोबरेल एकच, हे. डोक्याला लावते मी." तिने बाटली टेबलावर आपटली. बाटली उलटी केली. काहीच पडलं नाही. "बघा. दगड झालाय. हीटिंग लावलं तरी असंच. पेनाच्या मागच्या टोकाने कोरून काढते. आता मला सांगा, याने ब्रेकमध्ये हे ओतलं कसं? चमच्याने भरवलं?"

मनाशेने बाटली उचलून हलवली.

"आणि काका, रागावू नका," कस्तुरीचा आवाज जरा खाली आला, "पण या देशात, या थंडीत, ओतता येईल असं पातळ खोबरेल असतं कुणाकडे?"

ओट्याशी उभ्या रेबेकाने नळ सोडला. धुवायला तिथे काहीच नव्हतं.

कस्तुरी गेली. मनाशे उठून घरच्या गॅरेजात गेला.

गॅरेजात भिंतीला बॉयलर आहे. बॉयलरच्या वर त्याने स्वतः बसवलेली फळी. घरातली सगळ्यात कोरडी, उबदार जागा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून ते तिथे. आणि खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून तेही तिथे. शुक्रवारी संध्याकाळी रेबेका शब्बाथचा, विसाव्याच्या शनिवारचा, दिवा लावते तो मेणबत्तीचा नाही. मनाशेची आई लावायची तसा, काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल, तेलात वात. पेल्याचं तोंड लहान. डब्यातून तेल ओतलं तर बाहेर सांडतं. ब्रेक ऑइलच्या बाटलीला चोचीसारखं नळकांडं असतं, थेंब पडेल तर जिथे हवा तिथेच. म्हणून मनाशेने वर्षांपूर्वी एक रिकामी बाटली सोड्याने धुतली, उन्हात वाळवली, खोबरेलाने भरली. टाकून देणं त्याला जमत नसे.

आत्ता फळीवर दोन बाटल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवरचा छाप बोटांनी पुसलेला. डेपोत पोरं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, मनाशे हसायचा. नाक असताना चिठ्ठ्या कशाला?

त्याने एक उघडली, नाकाशी नेली. काही नाही. दुसरी उघडली. काही नाही.

तीच गोष्ट त्या साथीच्या वर्षापासून चालली होती. दोघं आजारी पडली. रेबेकाचं नाक महिन्याभरात परत आलं. त्याचं आलं नाही. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. येईल परत, म्हणून आधी. आणि मग इतके दिवस लपवलं म्हणून. सिलिंडर बसवला त्या दिवशी हवा काढता काढता हातातली बाटली संपली. त्याने वर हात घालून दुसरी घेतली, बूच काढलं, नेहमीसारखं नाकाशी नेलं, आणि ओतली. बोटांना कळलं असतं. पण कातडी फाटते म्हणून नतालीने आणून दिलेले रबरी हातमोजे बोटांवर होते. चारही चाकं केली. चहाला गेला नाही. घाम पुसून म्हणाला होता, झालं एकदाचं काम.

शेवटचा हात.

"डावीकडची दिव्याची," मागून रेबेका म्हणाली.

ती दारात उभी होती. तिने येऊन डावी बाटली घेतली, बूच काढून हुंगलं, मान हलवली.

"तू हुंगतेस?"

"हुंगते की. तुम्ही दोन्ही सारख्या ठेवता."

"कधीपासून?"

"तुमचं नाक गेल्यापासून." ती सहज म्हणाली. "डाळ करपून काळी झाली आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होतात. तेव्हा कळलं मला. मी म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

"मग हे का नाही बोललीस?"

"मला काय ठाऊक तुम्ही ब्रेकमध्ये काय ओतलं? परवा तुम्ही खोबरेल म्हणालात तेव्हा इथे आले. बाटली बघितली, तर अर्धी कमी होती. तेल मी एवढं जाळत नाही." ती थांबली. "आणि डोंगरावर जळका वास कसला होता, तोही कळला."

मनाशेने जन्मभर ब्रेक केले होते. चाक तापलं तर डेपोच्या फाटकातून त्याला कळायचं.

"नतालीला सांगशील?" त्याने विचारलं.

"मी इतकी वर्षं सांगितलं का?" रेबेका म्हणाली आणि बाटली घेऊन आत गेली.

*

शुक्रवारी नताली आली ती हसत. कोट काढायच्या आधी तिने बॅगेतून चावी काढली आणि टेबलावर ठेवली.

"पप्पा, आय ॲम सो सॉरी. तुमचा पाय नव्हता. तो! बघा, बरोबर बोलली मी."

"कोण म्हणालं?"

"सुश्रुतने फोन केला मला. त्याच्या हातून पूजेमध्ये ऑइल सांडला ब्रेकमध्ये. झाकण उघडा होता म्हणे. मी इतका झापला त्याला! म्हटलं, माझा मम्मी मेली असती. सोमवारचा माणूस मी कॅन्सल करते. पण आता त्याला गाडीला हात लावू देऊ नका, हं."

चावी टेबलावर पडली होती. पितळेच्या कडीत, झिजलेली. हात लांब केला असता तर पुरला असता.

मनाशेच्या मनात आधी संशयच आला. हा पोरगा खोटं का बोलला? आपल्याकडून काय हवंय याला? मग लक्षात आलं, काही नको होतं. त्याला खरंच वाटत होतं की असं झालं असेल. मनाशेनेच ते त्याच्या डोक्यात घातलं होतं, पेला नाकाला लावून. आणि जे आठवत नव्हतं ते त्याने म्हाताऱ्याची चावी परत मिळावी म्हणून आठवल्यासारखं केलं. डेपोत असा माणूस मनाशेने पाहिला नव्हता. पाहिला असता तरी विश्वास ठेवला नसता.

रेबेकाने दिव्याचा पेला टेबलावर आणला. पाणी भरलं. बाटलीचं बूच काढलं. ओतायच्या आधी, एकदम, तिने बाटली नवऱ्यासमोर धरली.

नताली बघत होती.

मनाशेने बाटली घेतली. नाकाशी नेली. सावकाश, छातीभर श्वास घेतला.

"काही येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" नताली म्हणाली.

"वास. मला वास येत नाही. साथीच्या वर्षापासून. हे तेल ब्रेकमध्ये मी घातलं. दोन बाटल्या सारख्या होत्या. सुश्रुतने काही सांडलं नाही. तो खोटं बोलला. तू त्याला झापलंस ते मला लागू आहे."

नतालीने आईकडे पाहिलं. आईने वात तेलात बुडवली आणि सरळ केली.

"पप्पा," नताली म्हणाली, आणि तिचा हात चावीकडे गेला. त्याने तो जाऊ दिला. "पप्पा, मग गॅसचा वास? आग लागला तर?"

"तुझी आई आहे. ती हुंगते."

"यू नो धिस, मम्मी?"

"मी पुष्कळ काही जाणते," रेबेका म्हणाली. "आधी दिवा लावू दे. सूर्य थांबत नाही."

दिवा लागला. पाण्यावर तेल, तेलावर ज्योत. तिघांनी प्रार्थनेसाठी डोळ्यांवर हात धरले. मनाशेने बोटांच्या फटीतून पाहिलं, चावी नतालीच्या मुठीत होती.

"ती तुझ्याकडेच राहू दे," जेवताना तो म्हणाला. "एक मात्र. सोमवारचा माणूस नको. गाडीचं काम मी बिघडवलंय. बिघडवलेलं काम दुसऱ्याच्या अंगणात टाकायचं नाही."

"आणि नीट झाल्यावर? तुम्ही चालवणार?"

त्याने बराच वेळ घास चावला. चव लागत नव्हती, पण चावायला वेळ लागतो.

"नाही," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर तो रस्ता ओलांडून गेला. सुश्रुतच्या दारात काय बोलणं झालं ते फार थोडं होतं. मनाशे म्हणाला, "तुझा हात नव्हता. माझा होता." सुश्रुत म्हणाला, "काका, आत या ना." मनाशे आत गेला नाही. म्हणाला, "उद्या शब्बाथ. रविवारी ये, जुने कपडे घालून."

कस्तुरी आतून ओरडली, "आणि माझी खोबरेलाची बाटली तुमच्या टेबलावर राहिलीय!"

*

ते काम हिवाळाभर चाललं. तेल गेलेल्या ब्रेकमध्ये एक रबर बदलून भागत नाही. मुख्य सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, सगळं काढावं लागतं. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, वाळवायच्या. थंडीत बोटं वळत नाहीत. मनाशेने नट हाताने बसवले आणि सुश्रुतच्या हातून पाना दोनदा काढून घेतला. "आधी बोटांनी. घाई असेल तर घरी जा." सुश्रुत गेला नाही. दर बाटली उघडली की "काकू!" म्हणून हाक जायची, आणि रेबेका पदराला हात पुसत येऊन हुंगायची. दिव्याची बाटली आता स्वयंपाकघरात गेली होती. तरीही हाक जायची.

मार्चमध्ये गाडी तपासणीला नेली. गॅरेजवाला म्हणाला, पेडल छान आहे. मनाशे म्हणाला, मागच्या वेळीही छानच होतं.

एप्रिलात टॉमचे ओंडके आणायला तिघं गेली. सुश्रुत चालवत होता. नतालीने चावी त्याच्या हातात दिली होती, वडिलांच्या देखत. मनाशे डावीकडे बसला होता, रेबेका मागे. उतार सुरू झाला. सुश्रुतने पहिल्या गियरमध्ये टाकली, शिकवलं होतं तशी. मनाशेचे डोळे त्याच्या बुटावर होते.

"दाबून बघ," तो म्हणाला. सुश्रुतने दाबलं. पेडल वरच घट्ट झालं. गाडी थांबली.

"बघा," सुश्रुत म्हणाला. "झकास आहे, काका."

"थंड आहे अजून. चल."

अर्ध्या वाटेवर कुंपणातली ती जागा आली. तुटलेल्या फांद्यांना नवी पालवी फुटली होती. मनाशेने काच खाली केली आणि मागे न वळता विचारलं, "रेबेका. काही जळतंय?"

रेबेकाने मोठ्याने श्वास घेतला. "नाही. ओली माती. आणि मेंढ्या."

"पुन्हा घे श्वास," मनाशे म्हणाला.